ग्राफिक्स कार्डाच्या आधी कॅमेऱ्याची फाईल बघा

प्रश्न : नमस्कार सर. बार्शीत माझा फोटो-व्हिडिओचा व्यवसाय आहे, लग्न, साखरपुडा, बारसं सगळं करतो. मुख्य कॅमेरा कॅनन आर6 मार्क टू, त्यावर सी-लॉग 3 मध्ये (नंतर रंग सुधारायला सोपा पडणारा फिका मोड) शूट, आणि जोडीला पार्टनरचा सोनी ए7 थ्री. एडिटिंग प्रीमिअर प्रोवर, करिझ्मा अल्बम फोटोशॉपवर. आत्ताच्या पीसीवर सोनीचं फुटेज चालतं, पण कॅननचं टाईमलाईनवर टाकलं की अडकत अडकत जातं, कट मारणंसुद्धा जमत नाही. दुकानदाराने नवीन पीसीचं कोटेशन दिलंय : आय5-12400एफ प्रोसेसर, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅमची एक स्टिक, 512 जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), 1 टीबी हार्डडिस्क, लायटिंगवाला कॅबिनेट. मॉनिटर जुनाच वापरायचा म्हणतोय. रात्री कधीतरी मित्रांबरोबर व्हॅलोरंट, जीटीए फाईव्ह खेळतो. घेऊ का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, हे कोटेशन गेम खेळणाऱ्या पोरासाठी चांगलं आहे, तुमच्या कामासाठी नाही. घेतलंत तर कॅननचं फुटेज नव्या पीसीवर पण अडकणार, आणि मग तुम्हाला वाटणार की अजून मोठं कार्ड टाकायला पाहिजे होतं.

कारण फाईलमध्ये आहे. सोनी ए7 थ्रीची फाईल 8-बिट 4:2:0 (हे रंगाच्या माहितीचं माप), एच.264 (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), ती कुठल्याही कार्डावर आरामात उलगडते. कॅननवर सी-लॉग चालू केला की फाईल होते एच.265, 10-बिट, 4:2:2, म्हणजे रंगाची माहिती दुप्पट, ग्रेडिंगला, म्हणजे रंग सुधारायला एकदम मस्त पण उघडायला जड. आणि आरटीएक्स 40 सिरीजपर्यंतच्या एनव्हिडियाच्या कार्डात ही 4:2:2 वाली फाईल डीकोड करायची, म्हणजे उलगडायची सोयच नाही, 4060 काय आणि 4090 काय, सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो. ही सोय आहे इंटेलच्या प्रोसेसरमध्ये जे छोटं ग्राफिक्स असतं त्यात, क्विक सिंक म्हणतात त्याला, 11 व्या जनरेशनपासून ते एच.265 4:2:2 उघडतं. आता तुमच्या कोटेशनमधला 12400 च्या पुढचा तो 'एफ' बघा, एफ म्हणजे नेमकं तेच ग्राफिक्स बंद करून विकलेला प्रोसेसर. थोडे पैसे वाचवायला तुमच्या कामाचीच गोष्ट काढून टाकलीय.

म्हणून प्रोसेसर एफ नसलेलाच घ्या. माझी पसंती आय5-14500, 14 कोअर आहेत आणि त्यातल्या छोट्या ग्राफिक्समध्ये, यूएचडी 770 मध्ये, व्हिडिओची दोन इंजिनं आहेत, साध्या 12400 च्या यूएचडी 730 मध्ये एकच. दोन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र लावून मल्टिकॅम एडिटिंग करताना हा फरक जाणवतो. बजेट ताणत असेल तर साधा 12400 पण चालेल, काम निघेल.

कार्डाचं म्हणाल तर त्याच पैशात किंवा थोडे जास्त देऊन 5060 मिळत असेल तर 4060 ऐवजी तेच घ्या, 50 सिरीजपासून एनव्हिडियानेही 4:2:2 आणलंय. 'मग एफ चालेल की' असं दुकानदार म्हणेल, आणि डीकोडिंगपुरतं ते खरं आहे, पण ऐन लग्नसराईत कार्ड गेलं तर एफवाल्या पीसीवर स्क्रीनच येत नाही, साध्यावर मदरबोर्डला केबल लावून निदान डिलिव्हरी तरी देता येते. व्हॅलोरंट आणि जीटीए फाईव्ह या दोन्ही कार्डांवर मजेत चालतात, त्याची काळजीच करू नका. फक्त विंडोज 11 वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची सेटिंग्ज चालू लागतात, ती दुकानातच बायोसमध्ये (मदरबोर्डची सेटिंग्ज) करून घ्या.

तिथेच अजून एक करून घ्यायचं. वेगळं कार्ड लावलं की बरेच मदरबोर्ड प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमधून चालू करायला सांगा. मग पेनड्राईव्हमध्ये तुमचीच सी-लॉगची क्लिप घेऊन जा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू 0 आणि जीपीयू 1 असे दोन दिसले पाहिजेत, एक इंटेल एक एनव्हिडिया. प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगला इंटेलची टिक लावा, क्लिप प्ले करा आणि इंटेलच्या खालचा 'व्हिडिओ डीकोड'चा ग्राफ बघा. तो वर चढला आणि सीपीयू शांत राहिला तर पैसे द्या. नुसता सीपीयू शंभर टक्क्यांवर गेला तर काहीतरी राहिलंय, तिथेच सोडवून घ्या, घरी आणून फोनवर भांडण्यात अर्थ नाही.

रॅम 32 जीबी, आणि 16 च्या दोन स्टिक, एक नाही, दोन असल्या की ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालते. 32 उगाच सांगत नाहीये, तुमच्या अल्बमचाच हिशोब करू. 12 बाय 36 इंचांची शीट 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 3600 बाय 10800 पिक्सेल, जवळजवळ 3 कोटी 89 लाख. 8-बिटमध्ये पूर्ण शीटभर एक लेअर साधारण 117 एमबी, आणि तुम्ही बॅकग्राऊंड, टेक्स्चर, मास्क, शॅडो करत दहाबारा लेअर सहज टाकता, वर हिस्ट्री, वर मागे प्रीमिअर उघडं. 16 मध्ये पीसीचा श्वास कोंडतो.

स्टोरेजला 512 ची एनव्हीएमई विंडोज आणि सॉफ्टवेअरला ठेवा, चालू प्रोजेक्टसाठी 1 टीबीची दुसरी एनव्हीएमई घ्या. सोनीचंच बघा, 4के 100 एमबीपीएसला तासाला 45 जीबी होतात, दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर 360 जीबी एका लग्नाला, आणि कॅननचं याहून जास्तच धरा. 1 टीबी हार्डडिस्क दोन-तीन लग्नांत भरेल, जुन्या कामांसाठी 4 टीबी घ्या. आणि ती एकुलती एक कॉपी असता कामा नये, कृपा करून. दोन वेगळ्या डिस्कवर फुटेज उतरल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करू नका, लग्न परत लागत नाही.

एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा) 550 वॅट, 80 प्लस ब्राँझ प्रमाणपत्राचा, ओळखीच्या कंपनीचा. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा नको. यूपीएस 600 व्हीएचा घेतला तर तो साधारण 360 वॅटच देतो, रेंडर चालू असताना लाईट गेली तर तो कमी पडू शकतो, 1 केव्हीएचा घ्या.

पैसे कमी पडतायत? लायटिंगचा कॅबिनेट काढा. मग कार्ड एक पायरी खाली आणा. रॅम आणि प्रोसेसरला हात लावू नका, आणि मॉनिटरलाही नाही, तो जुनाच ठेवायचा विचार सोडून द्या. आयपीएस पॅनेल (रंग खरे दाखवणारा स्क्रीन), 100 टक्के एसआरजीबीच्या (रंगांची ठरलेली व्याप्ती) जवळपास, 24 इंची पण चालेल. प्रिंट काळपट येते अशी तक्रार पुष्कळ फोटोग्राफर करतात, त्यात बऱ्याचदा लॅबचा दोष नसतो, मॉनिटरचा ब्राईटनेस फुल असतो म्हणून स्क्रीनवर फोटो उजळ वाटतो. मॉनिटरचे रंग-उजेड बरोबर लावणारा कॅलिब्रेटर महाग पडतो, तर तालुक्यातल्या चार-पाच फोटोग्राफरनी मिळून एक घ्या, रोज थोडाच लागतो.

नवीन पीसी येईपर्यंत प्रीमिअरमध्ये क्लिपवर राईट क्लिक करून प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी कॉपी) बनवायला लावा, रात्रभर बनू द्या, सकाळी त्याच जुन्या पीसीवर कट मारता येईल.

प्रश्न : यूट्यूबसाठी फोनवरच्या व्हिडिओचं एडिटिंग शिकतेय. सेकंडहँड पीसी 15 हजारात मिळतोय, 'आय7, 16 जीबी रॅम, 2 जीबी ग्राफिक्स' असं लिहिलंय. चांगला आहे का?
– एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : ताई, आय7 कितव्या जनरेशनचा ते विचारा. अशा जाहिरातीत बहुतेक वेळा तिसऱ्या जनरेशनचा असतो, म्हणजे 2012 चा. तो फोनची एच.265 फाईल नीट उघडत नाही, त्यावर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. त्यापेक्षा कंपन्यांमधून निघालेले आठव्या जनरेशनचे पीसी शोध, आय5-8500 सारखा, नाव छोटं असलं तरी कामाला भारी पडतो. 16 जीबी रॅम आणि एसएसडी असला की शिकायला भरपूर झालं. बारका चपटा डबा नको, उभा टॉवर बघ, त्यात पुढेमागे मोठं कार्ड बसवता येतं. आणि पैसे द्यायच्या आधी सेटिंग्जमध्ये सिस्टीम, अबाउट उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव स्वतः वाच, आय7 नंतरचा पहिला आकडा 3 दिसला तर सोडून दे.