कुस्कोहून दक्षिण खोऱ्यात जाताय? आधी हे वाचा

पेरूतल्या कुस्कोला उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी दक्षिण खोऱ्यातल्या जुन्या अवशेषांची ही सहल ठेवू नकोस. शहरच सुमारे 3400 मीटर उंचीवर आहे, विरळ हवेची सवय व्हायला वेळ लागतो. दोन दिवस सावकाश फिर, पाणी भरपूर पी, मग निघ.

गाइड ठरवताना एवढंच विचार: पिकिल्याक्ता या प्राचीन शहराच्या अवशेषांना किती वेळ देणार? बरेच जण तिथं घाईत उरकतात, आणि मला तेच पटत नाही. हे शहर इंकांचं नव्हे, त्यांच्या कितीतरी शतकं आधीच्या वारी लोकांचं. (आपल्या वारीशी नावापुरतंच साम्य.) भिंतीला अगदी खेटून बघ. ओबडधोबड दगड मातीच्या गाऱ्यात बसवलेत, मधेच जुन्या पांढऱ्या गिलाव्याचा तुकडा चिकटलेला दिसतो. मग जवळच्या रुमिकोल्का या जुन्या दगडी वेशीपाशी जा. तिथं वारींच्याच बांधकामावर इंकांनी घडीव दगड चढवलेत, सांधे इतके घट्ट की गाऱ्याची गरजच नाही. दोघांच्या हातातला फरक एका जागी कळतो.

तिपोन परतीच्या वाटेवर ठेव. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून झऱ्याचं पाणी दगडी पन्हळींतून आजही खेळतंय. तिथं गाइडला थोडं गप्प राहायला सांग आणि नुसता तो आवाज ऐक.

पिकिल्याक्ता आणि तिपोन ‘बोलेतो तुरिस्तिको’ या एकत्रित तिकिटात येतात. ते सहलीच्या पैशांत धरलंय का, हे आधीच विचारून घे. शाकाहारी असशील तर डबा बरोबर ने; तिपोन गाव भाजलेल्या गिनीपिगसाठी प्रसिद्ध आहे. टोपी विसरू नकोस, ऊन फार लागतं.