वण कमी उठावा म्हणून: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सहा वर्षांच्या मुलाच्या हनुवटीला पडून चार टाके पडले. पाचव्या दिवशी काढले. आता वण राहू नये म्हणून कोणतं क्रीम लावू? खपली धरू द्यायची की नाही? (सातारा)

टाके पाचव्या दिवशी निघाले, ही चांगली गोष्ट झाली. चेहऱ्यावरचे टाके साधारण पाच ते सात दिवसांत काढतात. जास्त दिवस राहिले तर दोऱ्याच्या भोकातून कातडी आत वाढते आणि वणाच्या दोन्ही बाजूंना आडव्या खुणा कायमच्या उमटतात. पायाचे किंवा सांध्यावरचे टाके मात्र दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात, कारण तिथे ताण जास्त असतो आणि घाई केली तर जखम उकलते.

आता क्रीमपेक्षा ताणाकडे लक्ष द्या. टाके काढले त्या दिवशी जखम बाहेरून मिटलेली दिसते, पण आतली ताकद मूळ कातडीच्या एक दशांशही नसते. तीन महिन्यांनी ती फार तर ऐंशी टक्क्यांपर्यंत जाते आणि पूर्ववत कधीच होत नाही. या काळात कडा जितक्या ओढल्या जातील तितकं शरीर तिथे जादा कोलॅजन (कातडीला बांधून ठेवणारं प्रथिन) ओततं आणि वण रुंद किंवा जाड होतो. म्हणून केमिस्टकडे मिळणारी कागदी चिकटपट्टी (मायक्रोपोर) आणा. जखम साध्या साबणपाण्याने धुऊन टिपून कोरडी करा. दोन्ही बाजूंची कातडी बोटांनी हलकेच जवळ आणा आणि पट्टीचे छोटे तुकडे जखमेवर आडवे लावा. अंघोळीत भिजले तरी चालतात, वरून टिपून घ्या. चार-पाच दिवसांनी कडा आपोआप सुटू लागल्या की बदला. काढताना पट्टी ओली करायची आणि कातडीला समांतर दुमडत न्यायची. वर खेचली की कोवळी त्वचा सोबत निघते. पट्टीखाली लाल पुरळ आलं तर पट्टी बंद.

खपलीबद्दल बहुतेक घरांत उलटं सांगितलं जातं. ‘जखम उघडी ठेव, वारा लागू दे, सुकू दे’ हा सल्ला वणासाठी वाईट आहे. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमांवर दाखवून दिलं, की पातळ प्लास्टिकच्या फिल्मखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेच्या जवळपास दुप्पट वेगाने नव्या त्वचेने झाकली जाते. खपली कडक झाली की नव्या पेशींना तिच्या खालून वाट काढत सरकावं लागतं. त्यामुळे जिथे अजून ओरखडा उघडा आहे तिथे व्हॅसलिनचा पातळ थर द्या, वर न चिकटणारं गॉज (जाळीदार कापड) ठेवा आणि रोज बदला. ओलसर म्हणजे चिंब नव्हे. कडा पांढऱ्याफटक आणि सुरकुतलेल्या दिसल्या तर गॉज दिवसातून दोनदा बदलायला हवं. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा न मिसळलेलं डेटॉल रोज ओतू नका. जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

दोन आठवड्यांनी, सगळं नीट मिटलं आणि कुठेच ओल उरली नाही, की सिलिकॉन जेल सुरू करता येईल. वाटाण्याच्या दाण्याहूनही कमी जेल घ्या, दिवसातून दोनदा पातळ पसरवा आणि चार-पाच मिनिटं वाळू द्या. हाताला चिकट लागलं तर जास्त झालं, पुसून टाका. हनुवटी सतत हलते, त्यामुळे तिथे सिलिकॉनची शीट टिकत नाही. पोट, छाती किंवा खांद्यासाठी शीट बरी. पहिल्या दिवशी चार तास लावायची आणि वाढवत वाढवत बारा तासांच्या वर न्यायची. ती रोज धुवावी लागते. कोकणातल्या दमट हवेत तर हे चुकवूच नका, खाली घामोळं येतं. सिलिकॉन कातडीत मुरत नाही. ते वरून ओल धरून ठेवतं आणि त्यामुळे खालचं कोलॅजन बनणं मंदावतं, असं मानलं जातं. म्हणूनच ते निदान दोन-तीन महिने लावावं लागतं. पंधरा दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे बरेच असतात.

उन्हाचं तेवढं सांभाळा. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत वण जाड होण्याआधी काळा पडतो. टोपी आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन वर्षभर. वण सहा-आठ महिने लालसर राहील, त्याने घाबरू नका. तो निवळायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि ‘ऑपरेशन करून बारीक करावा का’ हा प्रश्न त्यानंतरच विचारावा.

बाइकच्या सायलेन्सरने पोटरी भाजली. लगेच टूथपेस्ट लावली, आता दहा दिवस झाले. मधला भाग पांढरट आहे आणि तिथे दुखतही नाही. (नांदेड)

दुखत नाही हीच काळजीची गोष्ट आहे. भाजलेला भाग गुलाबी, ओला, झोंबणारा आणि दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा रंग येणारा असेल तर भाजणं उथळ असतं. पांढरट, चामड्यासारखा आणि बधिर असेल तर खोल. सायलेन्सरचं तापलेलं लोखंड क्षणभर टेकलं तरी नाण्याएवढ्या जागेत खोलवर भाजतं. भाजलेली जखम तीन आठवड्यांत मिटली नाही तर जाड वण उठण्याची शक्यता खूप वाढते. त्यामुळे तीन आठवडे वाट बघत बसू नका, याच आठवड्यात प्लास्टिक सर्जनला दाखवा. छोटा तुकडा कापून कडा जुळवणं किंवा त्वचारोपण करणं हे महिनाभर पट्ट्या बदलत राहण्यापेक्षा कमी वण ठेवतं. मधुमेह असेल तर आजच जा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही विचारा.

पांढरं सिल्व्हर सल्फाडायझिन मलम थापून जाऊ नका. त्याच्या थराखाली भाजणं किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही. पुढच्या वेळेसाठी: नळाचं वाहतं पाणी, वीस मिनिटं. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट, शाई किंवा हळदही नको.

कानाला दुसरं भोक पाडलं, तिथे बोराएवढी गाठ आली आहे. कापून काढली की जाईल ना? (कोल्हापूर)

नुसती कापली तर बहुधा परत येईल, आणि पहिल्यापेक्षा मोठी. हे वर्णन कीलॉइडचं वाटतं. साधा जाड वण जखमेच्या हद्दीत राहतो, महिना-दोन महिन्यांत उठतो आणि पुढे हळूहळू बसतो. कीलॉइड हद्द ओलांडून पसरतं, कधी महिन्यांनी सुरू होतं आणि आपण होऊन बसत नाही. कानाची पाळी, छातीचा मधला भाग, खांदा आणि जबड्याची कड या त्याच्या ठरलेल्या जागा.

सुरुवात गाठीत ट्रायअॅमसिनोलोन या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने होते: मिलीलीटरला १० ते ४० मिलिग्रॅम, दर चार ते सहा आठवड्यांनी, तीन-चार वेळा तरी. सुई गाठीच्या आतच हवी. औषध खालच्या चरबीत गेलं तर खड्डा पडतो आणि कातडी फिकी होते. गाठ कडक असते, इंजेक्शन दुखतं, हे आधीच माहीत असलेलं बरं. मोठी गाठ कापलीच तर त्यानंतर लगेच इंजेक्शनांची मालिका, दाब देणारं कर्णफूल किंवा एक-दोन दिवसांत रेडिएशन, यांपैकी काहीतरी जोडावंच लागतं. ‘कापतो आणि झालं’ म्हणणाऱ्याकडून कापून घेऊ नका. आणि तिसरं भोक पाडू नका, नाकातही नाही.

सिझेरियनच्या टाक्यांचा वण आठ महिन्यांनीही जाड आहे, खाजतो. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावते. (पुणे)

कॅप्सूल थांबवा. तिने वण सुधारतो असं सिद्ध झालेलं नाही आणि बऱ्याच जणींना तिचीच ॲलर्जी होऊन खाज वाढते. नाडी किंवा इलॅस्टिक वणावर येणार नाही असे कपडे घाला. रात्री सिलिकॉन शीट लावा. दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटं साधं मॉइश्चरायझर लावून, वण बोटाखाली पांढरा होईल इतक्या दाबाने गोल चोळा. तीन महिन्यांत फरक नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ इंजेक्शन देऊ शकतील. वणात एखादी गाठ पाळीच्या दिवसांत दुखते किंवा फुगते असं असेल, तर मात्र आधी स्त्रीरोगतज्ज्ञ. गर्भाशयाचं अस्तर टाक्यांत रुजलेलं असू शकतं आणि त्याचं निदान सोनोग्राफीपासून सुरू होतं.