वाचक विचारतात : पाण्यावरचा लाल घोळका कसला?

प्रश्न : आमचं शेत निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या फुगवट्याला लागून. परवा मोटार चालू करायला गेलो तर पाणवेलीच्या कडेला बारीक लालसर पिल्लं, शेकड्यानं, एकाच जागी वरखाली करत होती, पाऊस नसताना थेंब पडल्यासारखं पाणी नाचत होतं. खाली हातभर काळपट मासा. शेजारी म्हणाला गळ टाक, लगेच लागेल. तो मासा पिल्लं खायला आलाय का?

उत्तर : नाही दादा, राखणीला आलाय. ही मरळ. पावसाळ्यात नर-मादी गवतात नाहीतर वेलीत थोडी जागा मोकळी करतात, तिथे अंडी सोडतात, ती तरंगतात आणि दोन-तीन दिवसांत फुटतात, मग पुढचे काही आठवडे आई-बाप त्या लाल घोळक्याच्या खालीच फिरतात, बेडूक आला, साप आला, अंगावर जातात. तुमचा गळ लगेच लागेल तो याच्यामुळेच, भूक म्हणून नाही, पिल्लांजवळ काहीतरी आलं म्हणून ती त्याला चावते. आणि ती एक उचलली की खंड्या, बगळे, दुसरे मासे तो घोळका बघता बघता संपवतात. म्हणून मनापासून सांगते, लाल पिल्लं दिसतायत तोवर तिथे गळ नको. तसंही ते अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसार स्थळ, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालंय, आपण तिथे पक्षी बघायला जातो पण त्यातल्या कितीतरी पक्ष्यांचं पोट माशांवरच चालतं ना.

पाणी नाचतं ते पिल्लं हवा घ्यायला वर येतात म्हणून. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा धरायची पोकळी असते, नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही, जाळ्यात खाली अडकून राहिली तर मासा असून गुदमरून मरते.

प्रश्न : नाशिकमध्ये गोदावरीला वास येतो तरी मरळ मिळते, म्हणजे पाणी बरं आहे ना?

उत्तर : नाही हो ताई. वर सांगितलं तसं ती हवा वरून घेते, पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी टिकते, उन्हाळ्यात डबकं आटलं तरी चिखलात तग धरते. पाण्याचं खरं महाशीर ही मासळी सांगेल, तिला वाहतं, स्वच्छ पाणी आणि तळाला दगडगोटे लागतात. शहराच्या घाटांवर महाशीर दिसली तर मला जरूर कळवा.