वाचकांचे प्रश्न : दह्यातली साखर असते कुठे?

प्रश्न : मधुमेहामुळे भाकरी निम्मी केली आहे. दहीही सोडावं का? दही चांगलं आंबट झालं की त्यात साखर उरत नाही, असं घरात सगळे म्हणतात. खरं आहे का? (वाचक, परभणी)

दही सोडू नका. 50 ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या एका भाकरीत साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं असतात, तर 150 ग्रॅम साध्या दह्यात जेमतेम 6-7. आंबटपणावर मात्र विसंबू नका. एक लिटर दुधात पन्नासेक ग्रॅम दुग्धशर्करा (लॅक्टोज) असते. दही लागताना जिवाणू त्यातला साधारण पाव हिस्सा खाऊन आम्ल तयार करतात आणि ते आम्ल वाढलं की त्याच आम्लाने स्वतः मंदावतात. म्हणून दात आंबवणाऱ्या दह्यातही निम्म्याहून जास्त साखर शिल्लक असते.

आणखी एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी कमी केल्याचं डॉक्टरांना आधी सांगा. औषध तेवढंच आणि जेवणातली कर्बोदकं कमी, असं झालं तर रक्तातली साखर एकदम खाली येऊ शकते.

प्रश्न : पाकिटातलं दही घेताना काय बघावं? 'फॅट फ्री' चांगलं ना? (लातूर)

मधुमेहासाठी कर्बोदकं कमी केलेल्या आहारासाठी नाही. साय काढली म्हणून साखर कमी होत नाही. ती सायीत नसतेच, दुधाच्या पाण्यात विरघळलेली असते. पाकीट उलटं करून 100 ग्रॅममागे एकूण कर्बोदकं किती ते वाचा. 4-5 असतील तर साधं दही, घ्या. 10च्या वर गेले तर वरून साखर घातलेली आहे, मग पुढे आंब्याचं चित्र असो की स्ट्रॉबेरीचं. घटकांमध्ये दूध पावडर असेल तर दही घट्ट दिसतं, पण स्किम्ड पावडरीत निम्मी दुग्धशर्कराच असते. 'लॅक्टोज फ्री' लिहिलेल्या दुधातही साखर तेवढीच असते, फक्त फोडलेली. ते दूध न पचणाऱ्यांसाठी आहे.

प्रश्न : घरी चक्का करायचा आहे. मे महिन्यात दही आंबून पाणी सुटतं, डिसेंबरात लागतच नाही. (नांदेड)

चक्का हाच या आहारातला सगळ्यात कामाचा प्रकार. साखर पाण्यात असल्यामुळे पाणी गळालं की तिचा मोठा वाटा सोबत जातो; प्रथिनं आणि स्निग्धांश फडक्यात राहतात.

म्हशीचं दूध एक लिटर घ्या, साय काढू नका. उकळी आली की लगेच उतरवू नका, मंद आचेवर ढवळत 10 मिनिटं ठेवा. यात दुधातली प्रथिनं उलगडतात आणि नंतर पाणी धरून ठेवतात. दही सुरीने कापावं असं लागतं. मग निवू द्या. करंगळी बुडवून दहा अंक मोजेपर्यंत सोसवलं, की विरजणाची वेळ झाली. यापेक्षा गरम असेल तर विरजण मरतं, गार झालं तर रेंगाळतं.

उन्हाळ्यात लिटरला एक छोटा चमचा विरजण पुरे, थंडीत दोन-तीन. रात्री लावून सकाळी बघायचं, ही सवय मे महिन्यात मोडा. आपल्याकडे तेव्हा रात्रीही घर तापलेलं असतं. दही चार-पाच तासांत लागतं आणि उरलेली रात्र नुसतं आंबत राहतं. सकाळी लावा, भांडं हलकेच कलवून बघा, दही कडेपासून सुटून एकसंध हललं की थेट फ्रीजमध्ये. मातीचं गाडगं उन्हाळ्यात उत्तम, कारण ते पाणी पाझरवून दही गार ठेवतं. याच कारणाने थंडीत ते नको. तेव्हा स्टीलचा डबा वाकळीत गुंडाळा किंवा ज्वारीच्या कोठीत दाण्यांत अर्धा पुरा.

दही पूर्ण गार झालं की चाळणीवर दुहेरी मलमल घालून त्यात ओता, खाली पातेलं, आणि हे सगळं फ्रीजमध्येच 8 तास. खुंटीला टांगलेलं गाठोडं उन्हाळ्यात गळता गळताच आंबतं. लिटरभर दुधाचा साधारण निम्म्या वजनाचा चक्का निघतो. गाईच्या दुधाचा कमी.

प्रश्न : दह्याला तार सुटते. कधी दही लागतच नाही. (अंबाजोगाई)

तार सुटते ती बहुधा विरजणात दुसरे जिवाणू शिरल्यामुळे, किंवा दूध जास्तच निवल्यावर विरजल्यामुळे. जुनं विरजण टाकून द्या, भांडं उकळत्या पाण्याने धुवा, दुसऱ्या घरचं ताजं विरजण आणा. सगळं नीट करूनही लागलं नाही, तर दूधवाल्याला विचारा : जनावराला दगडी (कासेचा सुजेचा आजार) झाली होती का, प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं का? औषधाचा अंश दुधात उतरला की विरजणाचे जिवाणू वाढत नाहीत. दूध किती दिवस वापरायचं नाही हे त्या औषधावर लिहिलेलं असतं. तेवढे दिवस ते दूध घेऊच नका.

प्रश्न : चक्क्याचं साखरेशिवाय काय करावं? आणि खालचं पाणी पिऊ का? (धाराशिव)

कारळाची किंवा जवसाची चटणी वर भुरभुरून खा, किंवा जिरं-लसणाची फोडणी देऊन काकडीसोबत घ्या. जेवणाला 100 ग्रॅम पुरे. त्यात कर्बोदकं 3-4 ग्रॅमच्या आसपास येतात. पाणी मात्र तुमच्यासाठी नाही. गळालेली साखर त्यातच आहे, अर्ध्या लिटरमध्ये 18-20 ग्रॅम. घरातल्या मुलांच्या दशम्यांचं पीठ त्यात भिजवा.