घानाच्या सेडीचा इतिहास काय आहे आणि त्यांनी चलनातले चार शून्य का काढले?

मी काही वर्षं घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये नोकरीला होतो आणि पगारातला काही भाग सेडीतच मिळायचा, त्यामुळे हा विषय जवळचा आहे.

आधी शून्यांचं सांगतो. 1 जुलै 2007 ला 10,000 जुन्या सेडींचा 1 घाना सेडी झाला. तोवर सगळ्यात मोठी नोट 20,000 ची होती आणि तिचे दोनेक डॉलर यायचे, म्हणजे फ्रीज घ्यायला निघालात तरी पिशवीभर नोटा. "किंमत तीच आहे" अशी जाहिरात सरकारने जोरात केली आणि ते खरंच होतं, नुसते शून्य गेले. लोकांच्या तोंडातून मात्र गेले नाहीत. बाजारात बाई 100 सेडीला सरळ "वन मिलियन" म्हणते, नवा माणूस टरकतोच.

मागे गेलं तर इंग्रजांच्या काळात नायजेरिया, गोल्ड कोस्ट (म्हणजे आजचा घाना), सिएरा लिओन आणि गांबिया मिळून एकच पाउंड चालायचा. 1957 ला स्वातंत्र्य, 1958 ला घाना पाउंड, आणि जुलै 1965 मध्ये राष्ट्राध्यक्ष एनक्रुमांनी सेडी आणला, 1 पाउंडला 2.4 सेडी असा, नोटेवर त्यांचाच फोटो. फेब्रुवारी 1966 मध्ये लष्कराने त्यांना खाली खेचलं आणि पुढच्याच वर्षी नवा सेडी आला, फोटो गायब.

पण सेडी समजून घ्यायचा तर 1979 आणि 1982 बघा, माझ्या मते सगळं तिथे आहे. आपल्याकडे 2016 च्या नोटबंदीत हजार भरले की हजारच मिळायचे ना, तिथे मार्च 1979 मध्ये 10 जुन्या सेडींचे 7 नवे दिले, आणि 5,000 च्या वर रक्कम असेल तर वरच्या पैशाला फक्त 5! म्हणजे घरात रोख ठेवणाऱ्याची 30 टक्क्यांपासून जवळपास निम्म्यापर्यंत पुंजी एका फटक्यात गेली. त्याच वर्षी महागाईचं खापर बाजारातल्या बायकांवर फोडून सैनिकांनी अक्राचं माकोला मार्केटच उडवलं. मग 1982 ला, लष्करी उठावातून सत्तेवर आलेल्या रॉलिंग्जच्या सरकारने 50 ची नोट रद्द केली, लोकांनी नोटा जमा केल्या आणि हातात पावती आली, पैसे नंतर देतो म्हणून. 50,000 च्या वरची बँक खातीही चौकशीसाठी गोठवली. आणि या सगळ्यात सरकारी दर 1 डॉलरला 2.75 सेडी असाच अडकवून ठेवलेला, काळ्या बाजारात त्याच्या कित्येक पट, मग कोको पिकवणारा शेतकरी पोती सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टला नेऊन विकणार नाही तर काय करणार? 1983 पासून आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) कार्यक्रमात सेडी खाली येऊ दिला, तो येतच राहिला आणि त्यातूनच ते चार शून्य जमले.

2007 ला नवा सेडी जवळपास डॉलरच्या बरोबरीचा होता. डिसेंबर 2022 मध्ये महागाई 54.1 टक्क्यांवर गेली आणि सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले. 2025 मध्ये सेडी चांगलाच सावरला, डॉलरला साधारण 15 सेडी लागायचे ते मे महिन्यात 10 च्या आसपास आले, सोन्याच्या चढ्या भावाचा त्यात मोठा हात. मला मनापासून आनंद झाला, पण ज्यांच्या आईवडिलांनी ती 50 ची पावती पाहिलीय ते बचत डॉलरमध्ये ठेवतात यात मला काहीच चूक दिसत नाही.