दहावीच्या वर्षात राष्ट्रपती गाईड? बार्शीच्या एका आईला उत्तर

बार्शीहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव छापू नका म्हणाल्या आहेत. पत्र मोठं आहे, थोडक्यात देतो.

‘मुलगी नववीत आहे. पाचवीपासून शाळेच्या गाईड पथकात आहे. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान करत या वर्षी तिला राज्य पुरस्कार मिळाला. आता गाईड कॅप्टन बाई म्हणतात, राष्ट्रपती पुरस्काराची तयारी करा. पण चाचणी शिबिर दहावीच्या वर्षात येईल. हे अडत दुकानात दिवाणजी आहेत. त्यांचं म्हणणं, गळ्यात स्कार्फ बांधून नोकरी लागत नाही, आता पुरे. माझे दीर म्हणतात, राष्ट्रपतींच्या सहीचं प्रमाणपत्र असलं की रेल्वेत घेतात. ह्यांचे मावसभाऊ न्यू जर्सीला असतात, त्यांचा मुलगा ईगल स्काउट झाला, त्याचं तिकडे फार कौतुक झालं. मुलीला गणितात एकसष्ट आहेत. बोलायला लाजते. पण शिबिराहून आली की आठ दिवस तेच बोलत असते. तिला जाऊ द्यावं का? आणि पुढे याचा काय उपयोग? सोबत तिच्या लॉगबुकातल्या चार पानांचे फोटो पाठवते आहे.’

ताई, आधी दिरांचं म्हणणं घेतो. माझ्याकडे येणारे निम्मे पालक तेच ऐकून आलेले असतात.

रेल्वेत स्काउट-गाईड कोटा आहे, ही गोष्ट खरी. मात्र ‘प्रमाणपत्र असलं की घेतात’ हे खरं नाही. त्या भरतीसाठी राष्ट्रपती स्काउट, गाईड, रोव्हर (स्काउटातली मोठी मुलं) किंवा रेंजर (गाईडमधल्या मोठ्या मुली) असावं लागतं, नाहीतर हिमालय वुड बॅज, म्हणजे पथक चालवणाऱ्यांच्या वरच्या प्रशिक्षणाचा बॅज, लागतो. शिवाय अलीकडची किमान पाच वर्षं तुम्ही संघटनेत सक्रिय होतात, असा दाखला लागतो. राष्ट्रीय किंवा अखिल भारतीय रेल्वे पातळीवरचे दोन आणि राज्य पातळीवरचे दोन कार्यक्रम केलेले असावे लागतात. त्यावर लेखी परीक्षा आहेच. आणि जागा किती? मध्य रेल्वेचे मुंबई, भुसावळ, पुणे, सोलापूर, नागपूर असे पाच विभाग. त्यांच्या अलीकडच्या जाहिरातींत वेतनाच्या लेव्हल दोनच्या २ आणि लेव्हल एकच्या १० अशा मिळून १२ जागा होत्या. एवढ्या मोठ्या रेल्वेत बारा. अर्ज करायला हरकत नाही, पण त्या बारांवर मुलीच्या आयुष्याचा आराखडा आखू नका.

यात बहुतेकांचा पाय घसरतो तो पाच वर्षांच्या अटीवर. गेल्या वर्षी एक मुलगा आला होता. राष्ट्रपती स्काउट. प्रमाणपत्र लॅमिनेट करून आणलं होतं, त्याच्या आईने त्यावर वर्तमानपत्राचा कागदही गुंडाळला होता. दहावी झाली, शाळा सुटली, पथक सुटलं. बारावी, पदवी, मधली सगळी वर्षं कोरी. जाहिरात निघाली तेव्हा त्याच्याकडे सही होती राष्ट्रपतींची, पण पाच वर्षांच्या दाखल्यावर सही करणारं कुणी नव्हतं. त्याला कुणी फसवलं नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून रेल्वेचं दार थोडंसं उघडं ठेवायचं असेल, तर दहावीनंतर मुलीचं नाव कुठल्यातरी मुक्त पथकात (शाळेशी न जोडलेल्या) किंवा कॉलेजच्या रेंजर टीममध्ये चालू राहिलं पाहिजे. रेंजर म्हणून पंचविशीपर्यंत राहता येतं. राष्ट्रपती पुरस्कार त्या विभागातही आहे, त्यामुळे गाईड असताना राहून गेला तरी सगळं संपत नाही. आणि दरवर्षीचं शुल्क, शिबिरांचे दाखले एका फाइलमध्ये लावून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फडताळात नको.

दिवाणजींचंही ऐकलं पाहिजे. तुमचे यजमान रागावून बोलत असतील, पण त्यांची काळजी रास्त आहे. दहावीचं वर्ष आहे, परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. फक्त एक हिशेब त्यांच्यापुढे मांडा, दिवाणजी आहेत, हिशेब त्यांना पटेल. चाचणी शिबिर काही दिवसांचं असतं. वेळ जातो तो आधीच्या तयारीत: प्रावीण्य बॅज, प्रथमोपचाराचा सराव, लॉगबुकं. ही तयारी नववीची परीक्षा संपल्यापासून जूनपर्यंत उरकता येते. बाईंना आत्ताच विचारा, कोणते बॅज बाकी आहेत, कोणाची सही बाकी आहे, जिल्हा संघटकांकडे कागद कधी जायचे. शिबिराच्या तारखा दिवाळीआधी आल्या तर बिनधास्त पाठवा. जानेवारीत आल्या तर मी पाठवणार नाही. तेव्हा रेंजरचा रस्ता धरायचा.

आणि स्काउट-गाईडच्या मुलांना दहावीत वाढीव गुणांची सवलत असते, त्याचा प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. यंदाचं परिपत्रक मुख्याध्यापकांना दाखवायला सांगा. तोंडी ‘होईल, होईल’ वर थांबू नका.

मावसभावांच्या मुलाचंही सांगतो, कारण तुलना घरात चालूच असणार. ईगल स्काउट म्हणजे अमेरिकेतल्या स्काउटिंगची सर्वोच्च पायरी. १९१२ पासून ती दिली जाते. किमान २१ मेरिट बॅज, पथकात जबाबदारीचं पद, आणि वयाची अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी स्वतः आखून, माणसं जमवून, तडीस नेलेला एक समाजोपयोगी प्रकल्प. कुठे शाळेसाठी बाकं, कुठे बागेतली पायवाट. शेवटी बोर्ड ऑफ रिव्ह्यू, म्हणजे तपासणी करणाऱ्या मोठ्यांच्या समितीसमोर बसायचं. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग ईगल स्काउट होते, हे तिकडे प्रत्येक समारंभात सांगतात. पण तिथेही त्या बॅजवर कुणाला कॉलेजची राखीव जागा मिळत नाही. तिकडच्या अर्जात मूल स्वतःबद्दल लिहितं, आणि या मुलाकडे लिहायला काहीतरी असतं. आपल्याकडे दहावीनंतरचे प्रवेश गुणांच्या यादीवर होतात, तिथे असं लिहायला ओळच नाही. त्यामुळे दोन घरांतलं कौतुक वेगळं दिसतं. मुलं सारखीच राबलेली असतात.

आणखी एक गोंधळ मोकळा करतो, कारण पुढच्या पत्रात तुम्ही विचारालच. एनसीसी वेगळी. एनसीसीच्या ‘सी’ प्रमाणपत्रावर पदवीनंतर सैन्याच्या अधिकारी भरतीत खास प्रवेश आहे, तिथे लेखी परीक्षा न देता मुलाखतीला जाता येतं. स्काउट-गाईडमध्ये तसं काही नाही. गणवेश दोन्हीकडे असतो म्हणून लोक एकच समजतात.

आता मला खरं तर ज्यावर लिहायचं आहे तिथे येतो. ती चार पानं.

तुम्ही पत्रात शिबिराबद्दल, प्रमाणपत्राबद्दल, दिरांबद्दल लिहिलंत. लॉगबुकाबद्दल एक ओळ, ‘सोबत पाठवते आहे’. मी ती पानं मोठी करून दोनदा वाचली.

पहिल्या पानावर खरी कमाई, म्हणजे पथकातल्या मुलांनी स्वतः काम करून मिळवायचे पैसे. आता खरी कमाईचं काय झालंय तुम्हाला माहीत आहे. आई भेळ करते, बाबा टेबल लावतात, मूल गल्ल्यावर बसतं. तुमच्या लेकीने लिहिलंय: ‘मामाच्या सायकल दुकानात तीन दिवस. पंक्चर ११. पहिली दोन मामाने परत काढली.’ ही शेवटची ओळ लिहायला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या पानावर हाइकचा नकाशा. मारुतीच्या देवळापासून विहिरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलंय. लिहिलंय: ‘जाताना १५२, येताना १४२. जाताना चढ आहे, चढावर पाऊल आखूड पडतं. मधले १४७ धरले. माझं पाऊल ६० सेंमी. म्हणजे ८८ मीटर.’ शेजारी पिंपळाची उंची काढलीय. काठी उभी केली, काठीची सावली मोजली, झाडाची सावली मोजली, प्रमाण मांडलं. उत्तर खोडून पुन्हा काढलंय, कारण पहिल्यांदा झाडाची सावली मोजेपर्यंत काठीची सावली सरकली होती. तिने तेही लिहिलंय: ‘दोघींनी एकाच वेळी मोजायला हवं होतं.’

ताई, गणितात एकसष्ट मिळवणारी मुलगी हे करते आहे. दहावीच्या भूमितीतला पहिलाच धडा समरूपता. तिने तो पिंपळाखाली करून टाकलाय, फक्त तिला ते कुणी सांगितलेलं नाही. जूनमध्ये तो धडा सुरू होईल तेव्हा तिच्या गणिताच्या सरांना हे पान दाखवा. शिकवणीची फी त्यानंतर ठरवा.

मी पंचवीस-एक वर्षं मुलांशी बोलतोय. ‘तुला काय आवडतं?’ विचारलं की बहुतेक मुलं शेजारच्या ताईने काय घेतलं ते सांगतात. तुमची लेक तर बोलायलाच लाजते. पण लिहिलेलं सापडलं की बोलण्याची गरज उरत नाही. माप घ्यायचं, माप का चुकलं ते शोधायचं, पुन्हा घ्यायचं, आणि उन्हात उभं राहून घ्यायचं. मोजणीच्या कामाला माणूस असाच लागतो.

तेव्हा दहावीनंतर सायन्स-कॉमर्सच्या आधी या बाजूला बघा. तीन वाटा सांगतो.

आयटीआयला सर्व्हेअर हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तंत्रनिकेतनात सिव्हिलची तीन वर्षांची पदविका आहे, सोलापूरला शासकीय तंत्रनिकेतन आहे, बार्शीहून एसटीने ये-जा होणार नाही, वसतिगृह बघावं लागेल. या दोन्हींवर भूमी अभिलेख विभागातल्या भूकरमापक पदासाठी अर्ज करता येतो. टायपिंगचं प्रमाणपत्रही लागतं, ते अकरावी-बारावीच्या वयात करून टाकावं. तुम्ही शेताची मोजणी पाहिली असेल, बांधावर दोन्हीकडचे भाऊबंद उभे आणि मधे मोजणीवाला. तो भूकरमापक. सरळसेवा भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, तरी या कामात बायका अजून कमी दिसतात, माझ्या मते त्याचं कारण ऊन नाही, घरच्यांचं ‘बांधावर मुलगी?’ हे आहे. तुमची मुलगी तंबू ठोकून, चूल पेटवून, रात्री पहारा देऊन आलेली आहे. तुमच्या घरात तरी तो प्रश्न निघू नये.

पूर्वी साखळी ओढत मोजायचे, आता उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र काठीवर लावून मोजतात. त्या यंत्राला रोव्हर म्हणतात. स्काउटातल्या मोठ्या मुलांनाही रोव्हरच म्हणतात, हा योगायोग तिला सांगा, हसेल. गावठाणांची मोजणी तर स्वामित्व योजनेत ड्रोनने झाली, ती २०२० मध्ये सुरू झालेली योजना. तिला पुढे शिकायचं असेल तर बारावीनंतर भूगोल घेऊन पदवी, मग भू-माहितीशास्त्रात एम.एस्सी., पुणे विद्यापीठात ते आहे. ही वाट लांब आहे आणि पदवी हातात येईपर्यंत नोकरीची घाई असलेल्या घराला अवघड जाते. तुमच्या घरची परिस्थिती मी पत्रावरून जेवढी समजलो, त्यावरून मी पदविकेकडे झुकेन. सिव्हिलची पदविका झाली की थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं, तेव्हा दार बंद होत नाही.

मग राष्ट्रपती पुरस्कार कशाला, असं यजमान विचारतील. भूकरमापकाच्या अर्जात त्याला एक गुण नाही. खरं आहे. पण पाचवीपासून एक मुलगी पाच वर्षं एकच गोष्ट धरून आहे. शेवटची पायरी उरली आहे आणि ती चढायची तयारी तिची आहे. अशा वेळी ‘उपयोग काय’ म्हणून खाली उतरवलं, तर पुढच्या वेळी ती स्वतःच अर्ध्यात उतरेल, आणि तेव्हा तुम्हीच मला पत्र लिहाल की मुलगी काही पूर्ण करत नाही. असं पत्र दर महिन्याला एक तरी येतं.

एक अट मात्र तिच्याकडून घ्या. अभ्यासाचं वेळापत्रक तिने करायचं, तुम्ही नाही. सहामाहीत गणितात सत्तरच्या खाली आली तर शिबिराचा निर्णय तिनेच फिरवायचा. संघनायक राहिलेली मुलगी आहे, आठ जणींची ड्यूटी लावते, स्वतःची लावू शकेल.

एक राहिलंच. तिसऱ्या पानावरच्या नकाशात उत्तरेचा बाण आहे, खुणांची सूची आहे, विहिरीला छान निळा रंग आहे. पण नकाशाचं प्रमाण कुठेच लिहिलेलं नाही. एक सेंटिमीटर म्हणजे किती मीटर? चाचणी शिबिरात परीक्षकाचं बोट आधी तिथेच जाईल. आज संध्याकाळीच घालायला सांगा, अंतरं तिच्याकडे लिहिलेली आहेत.