व्हिएन्नात जुन्या वळणाच्या रेस्टॉरंटमध्ये आई-बाबांना जेवायला न्यावं का? आई शाकाहारी आहे, बाबा बीफ खात नाहीत. वेटर फार उद्धट असतात असंही ऐकलंय.

जरूर न्या. फक्त झुंबरं, पियानो आणि पांढरे हातमोजे डोळ्यांसमोर असतील तर ते विसरा. ते मोठ्या हॉटेलांत मिळेल. या शहराचं जुनं जेवण मिळतं ते 'बाइस्ल'मध्ये, म्हणजे मोहल्ल्यातल्या खाणावळीत. भिंतींना अर्ध्या उंचीपर्यंत गडद लाकूड, बिअर ओतायचा जाडजूड काउंटर, कोट अडकवायला खुंट्या आणि फळ्यावर खडूने लिहिलेला आजचा बेत. मी तिथे नोकरीनिमित्त राहत होतो तेव्हा पाहुण्यांना हमखास अशाच ठिकाणी न्यायचो.

फ्लाइशमार्क्ट नावाच्या रस्त्यावरचं ग्रीखनबाइस्ल स्वतःचा इतिहास 1447 पर्यंत मागे नेतं. मार्क ट्वेनसकट अनेक नामवंतांच्या सह्या असलेली तिथली खोली बघण्यासारखी आहे, पण गर्दी बहुतेक आपल्यासारख्या पर्यटकांचीच. माझं मत विचाराल तर कॉन्झर्टहाउस या संगीत सभागृहाजवळच्या ग्मोआकेलरला जा. तेही 1858 पासूनचं. संध्याकाळी मैफलीला जाणारी मंडळी तिथे जेवून पुढे जातात. कुठेही गेलात तरी आधी फोन करून टेबल राखून ठेवा आणि सुट्टीचा वार विचारून घ्या. बरीच बाइस्लं रविवारी बंद असतात. शक्य असेल तर आठवड्यातल्या दुपारी जा. सूप आणि एक मुख्य पदार्थ असा दुपारचा बेत बऱ्याच ठिकाणी असतो आणि तो रात्रीपेक्षा बराच स्वस्त पडतो.

आता बाबांचं. ऑस्ट्रियात नुसतं 'वीनर श्निट्झल' (ब्रेडक्रम्ब्ज लावून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) लिहिलं असेल तर नियमानुसार ते वासराचंच असतं. 'फोम श्वाइन' लिहिलं असेल तर डुकराचं. दोन्ही नको असेल तर बाकहेंडल मागवा: ब्रेडक्रम्ब्ज लावून तळलेली कोंबडी, सोबत बहुधा बटाट्याचं सॅलड. बाबांना ते आवडेल असं वाटतं. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफच्या आवडीचं म्हणून ज्याचं कौतुक होतं ते टाफेलश्पिट्स म्हणजे उकडलेलं बीफ, आणि गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, तोही बहुतेक बीफचाच. ते दोन्ही सोडा.

आईंचं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण इथे मांस दिसत नाही तिथेही असतं. फ्रिटाटेनझुपे बघून वाटतं, काय, धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं पातळ सूप! पण ते पाणी बीफ उकळून काढलेलं असतं. बाबांच्या कोंबडीसोबतचं ते बटाट्याचं सॅलडसुद्धा पुष्कळदा त्याच पाण्यात मुरवतात, तेव्हा त्यांच्यासाठीही विचारून घ्या. म्हणून प्रत्येक पदार्थाला 'मिट रिंडझुपे?' (यात बीफचं पाणी आहे का?) एवढंच विचारा, वेटर लगेच हो-नाही सांगतो. अंडं चालत असेल तर प्रश्नच नाही: आयरनोकर्ल, म्हणजे अंड्यात परतलेले पिठाचे छोटे गोळे आणि हिरवं सॅलड, किंवा केझेश्पेत्झले, म्हणजे चीज घातलेले तसेच पिठाचे गोळे. त्यात वरून बेकन घालत नाहीत ना, तेवढं विचारा. अंडंही नको असेल तर मात्र हाल आहेत. मेनूवर पदार्थापुढे अॅलर्जीची अक्षरं छापलेली असतात, त्यात 'सी' म्हणजे अंडं. ते अक्षर नसलेलं शोधत बसलात तर बटाटे आणि सॅलड यापलीकडे फारसं हाती लागत नाही. अशा वेळी आईंना आधी हॉटेलवर थोडं खायला घाला, उगाच उपाशी बसवू नका.

गोडात कायझरश्मार्न घ्या. जाड, फुललेलं पॅनकेक तव्यातच फाडून तुकडे करतात, वर पिठीसाखर, बाजूला शिजवलेले आलुबुखार. यातही अंडं भरपूर. ताजं करून देत असतील तर वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा जेवतानाच सांगून ठेवा. तिघांत एक पुरतं.

वेटरबद्दल जे ऐकलंत ते अर्धं खरं आहे. तो हसून स्वागत करणार नाही, दर पाच मिनिटांनी 'सगळं ठीक ना' विचारणार नाही, आणि तुम्ही मेनूवर अर्धा तास घालवलात तर चेहऱ्यावर दाखवेल. पण जेवण झाल्यावर उठवायलाही येणार नाही. आईंना सावकाश जेवायची सवय असेल तर त्यांना हे बरंच वाटेल. चुटकी वाजवू नका, 'ए' करून हाक मारू नका. आत शिरताना 'ग्र्युस गॉट' (इथला नमस्कार) म्हणा, त्याचा उपयोग होतो.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. 'त्सालेन, बिटे' म्हणायचं. टीप टेबलावर ठेवून निघायची पद्धत नाही. पैसे देतानाच टीप धरून एकूण आकडा सांगायचा. 46 युरो झाले असतील तर 'पन्नास' म्हणा, पुरे. टेबलावरच्या टोपलीतले पाव खाल्लेत तर ते बिलात लागू शकतात. थोडी रोकडही जवळ असू द्या.